हात लाव जरा

ओला हात, तेलकट हात, पिठाचा हात. यांपैकी कुठलाही हात घेऊन नानांच्या दुकानात पाय टाकायची सोय नव्हती. नाना म्हणजे माझे वडील. जळगावात एसटी स्टँडकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर, असा आमचा संसार होता. दुकानाच्या पायरीवर पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलेलं असे आणि वर खिळ्याला पंचा. आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग नानांपुढे धरून उलटसुलट दाखवायचे, आणि मगच कापडाजवळ जायचं. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, मी असो, सगळ्यांना एकच कायदा. एकदा माझ्या आत्याचे यजमान भजी खाऊन तसेच आत आले, तर नानांनी त्यांना भर गल्लीत पायरीवर उभं करून हात धुवायला लावले. ते नंतर वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत. नानांना त्याचं काही वाटलं नाही.

नाना टप शिवत. टप म्हणजे उघड्या गाडीवरचं कापडी छप्पर. जीपचे टप, रिक्षांचे टप, ट्रॅक्टरवरच्या छत्र्या, आणि कधीमधी एखाद्या हौशी माणसाची जुनी विलायती मोटार. दुकानात दिवसभर पायमशीनचा खडखडाट चाले आणि नव्या कापडाचा, मेणाचा, रेक्झिनचा मिळून एक वास भरलेला असे. तो वास मला अजून आवडतो. आता मी धुळ्यात राहते, तिथे देवपुरात एका दुकानात सोफ्याची कव्हरं शिवतात, तिथून जाताना मी उगाच चप्पल नीट करायच्या मिषाने थांबते. सून म्हणते, "आई, गुडघा दुखतोय का?" मी म्हणते, हो.

नाना बोलायचे कमी, पण टपाचा विषय निघाला की त्यांना कोण थांबवणार! पारोळ्याकडच्या खेड्यात वाढलेले, त्यामुळे घरात त्यांची बोली अहिराणीच. "टप उन्हानी नही फाटत, घाईनी फाटस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओला टप मागे दुमडून पाडायचा नाही, घड्यांत पाणी राहतं आणि कापड कुजतं. पाडलेल्या टपावर बसायचं नाही, मग नवरदेव का असेना. डाग पडला तर ब्रशने खसाखसा घासायचं नाही. तेल तर दाखवायचंसुद्धा नाही. एका शेतकऱ्याने मोटेच्या कातड्याला देतात तसं जीपच्या टपाला मायेने शेंगदाण्याचं तेल चोळलं होतं, आणि नाना त्या माणसाची गोष्ट कोणी मेल्यासारख्या आवाजात सांगत. लोखंडी कमानी कापडाला घासू नयेत म्हणून ते प्रत्येक कमानीला जुन्या गोधडीची पट्टी गुंडाळत. दोरा मुद्दाम कापडापेक्षा कच्चा घेत. ताण आला तर शिवण सुटावी, कापड फाटू नये. सुटलेली शिवण पुन्हा घालता येते.

आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की टप एकट्याने पाडायचा नाही. एका बाजूने ओढला की कमानी वाकड्या येतात, मध्ये कापड चिमटतं आणि तिथेच फाटतं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, एकदम उचलायचं, एकाच जोराने मागे न्यायचं. हा दुसरा माणूस म्हणजे माझी आई. धुळ्याची, देवपुरातल्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला टप म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं म्हणे. पण मला कळायला लागल्यापासून मी ऐकत आले ती हाक एकच. "विजूनी माय, हात लाव जरा!" मी विजू. हाक आली की आई चुलीवरचं उतरवून, हात धुऊन, पदराला पुसून, दाखवायला पुढे धरीत बाहेर जाई. नाना तिचे हात बघत आणि मान हलवत. दिवसातून चारदा तरी हे चाले. मला तेव्हा त्यात काही विशेष दिसलं नाही. आता नातवाच्या गाडीला वर काच आहे, बटण दाबलं की सरकते, कुणाला हाक मारायचं कामच नाही.

असोद्याच्या आबांची गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मला सगळं कळतं. आबांची केळीची मोठी बागाईत होती. त्यांच्या वडिलांनी कधीतरी एका साहेबाकडून घेतलेली ती गाडी, लांबच लांब नाक, बाहेर काढलेले दिवे, आणि वर टपाच्या नुसत्या चिंध्या. आबांच्या धाकट्या लेकीचं लग्न ज्येष्ठात ठरलेलं. तिला याच गाडीतून पाठवायची, असं त्यांनी तिच्या लहानपणीच कबूल केलं होतं. नानांनी या कामासाठी मुंबईहून खास कापड मागवलं. दुहेरी विणीचं, जाडजूड, साईसारख्या रंगाचं. ते आलं त्या दिवशी नानांनी ते आम्हा दोघींना हात धुऊन बघायला दिलं, मग घरातल्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलं. मापं पक्की होईपर्यंत त्याला कात्री लागणार नव्हती.

चैत्र नुकता लागला होता. चैत्रात खानदेशातलं कुठलंही घर बिबड्यांशिवाय, म्हणजे ज्वारीच्या पापडांशिवाय, असूच शकत नाही. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, कांडून, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात रटारटा शिजवायची. ते शिजलेलं पीठ वाटीत घेऊन वरून कच्चं तेल घालून खायचं, ते एक स्वर्गसुख. मग ओल्या धोतरावर थापायच्या, उन्हात टाकायच्या. अर्ध्या वाळलेल्या बिबड्या आम्ही पोरी इतक्या खायचो की पाचांतल्या दोन तरी डब्यापर्यंत पोचत नसत. त्या दिवशी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. जाताना सांगून गेली, "धोतरं भरली की थांब, मी येते." धोतरं भरली. पीठ उरलं. थांबणं माझ्या स्वभावात तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. मी पेटी उघडली. एवढं छान जाड कापड, आणि नुसतं पडून आहे! ते ओलं केलं, गच्चीवर अंथरलं आणि त्यावर ओळीने बिबड्या थापल्या. चार-चारच्या ओळी. मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

आई आली, तिने पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. मारलं नाही, ओरडली नाही. "विजू, अगं हे काय केलंस," एवढंच म्हणाली. त्या जाड विणीत पीठ असं घुसून बसलं होतं की बिबड्या निघेनात. आम्ही दोघींनी मागून पाणी मारून मारून एकेक सोडवली. मग आईने कापड तीनदा धुतलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि होती तशी घडी घालून पेटीत ठेवलं. "नानांना मी सांगते. वेळ बघून." ती वेळ काही आली नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करता करता नानांनी कापड बाहेर काढलं, कात्री चालवली, आणि मग सांगणार काय? बाहेरच्या अंगाला त्यांनी मेणाचा हात दिला. आत आली ती नेमकी बिबड्यांची बाजू. टप झाला मात्र देखणा. आबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नानांच्या पाठीवर थाप दिली.

आठ-दहा दिवसांनी आबा गाडी घेऊन परत आले. गाडी त्यांच्या खळ्यातल्या खोलीत उभी होती, आणि उंदरांनी टप कुरतडला होता. आबा जळगावच्या पूर्वेकडच्या बोलीत, हसू दाबत म्हणाले, "नाना, उंदरायले बी तुमचंच काम आवडलं हो!" नाना हसले नाहीत. ते गाडीत शिरले, मान वर करून भोकांकडे बघत राहिले. चार भोकं होती आणि ती एका ओळीत, सारख्या अंतरावर. उंदीर असा ओळीने खात नाही. नानांनी भोकाच्या कडेला नखाने खरवडलं, वास घेतला, आणि विणीत अडकलेला एक तीळ चिमटीत धरून बाहेर आले. तो तीळ त्यांनी तळहातावर घेतला आणि घरात आले. आबा दारात उभे. शेजारच्या काकू ओट्यावर.

"यावर बिबड्या कोनी टाक्यात?" नानांनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं की नुसतंच उघडलं, हे मला इतक्या वर्षांनंतरही नक्की सांगता येत नाही. आई म्हणाली, "मी."

मग नाना जे बोलले ते मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. अठरा वर्षं टपवाल्याच्या घरात राहून तुला कापड कळलं नाही, मास्तरच्या पोरीला पुस्तकंच कळायची, आबांसमोर माझी मान खाली घातलीस. आणि शेवटी, "आजपासून मना कोन्याच वस्तूले हात लावू नको." आबाच मध्ये पडले, "जाऊ द्या नाना, कापडच हाय ना," पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आईने ते ऐकलं. म्हणजे खरोखर ऐकलं, शब्दाला शब्द. त्या दिवसापासून नानांचं ताट मी वाढू लागले, कारण ताट नानांचं होतं. त्यांचा सदरा दोरीवर वाळला तरी आई तो काढीना. पाण्याचा तांब्या, अंथरूण, चष्मा, सगळं माझ्याकडे. दुकानातून हाक यायची बंदच झाली. नाना रिक्षाच्या टपाशी एकटेच झटापट करत, आणि मी बाहेर गेले तर "तुनं काम नही," म्हणत. घरात कोणी कोणाशी भांडत नव्हतं, त्यामुळे ते मिटवायलाही काही नव्हतं. मी रोज ठरवायची की आज सांगते. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "तू गप्प बस. ते आबांसमोर मला बोलले, ते तुझ्यामुळे नाही बोलले." तेव्हा मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. भित्री होते मी. तोंडाळ माणसं बऱ्याचदा भित्री असतात, हे मी स्वतःवरून सांगते.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आमच्याकडे सगळ्याच सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस हाणतात, गौराईची गाणी म्हणतात. त्यामुळे आई पिशवी घेऊन धुळ्याच्या गाडीत बसली तेव्हा गल्लीत कोणाला काही वाटलं नाही. नानांनाही वाटलं नसावं. आखाजी झाली. गल्लीतल्या बाया एकेक करून परतल्या, कोणाच्या हातात सांजोऱ्यांचा डबा, कोणाच्या बांगड्या नव्या. आई आली नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. "माहेरच्या पोराबाळांत रमली असेल," असं काकूंनी विचारायच्या आधीच मी सांगत सुटायची. माझ्या पोळ्या जाड व्हायच्या, नाना मुकाट्याने खायचे. संध्याकाळी ते मशीनवर बसून रस्त्याकडे बघत. धुळ्याची एसटी आली की स्टँडवरची माणसं आमच्या गल्लीतून जात, ती सगळी जाईपर्यंत त्यांचा पाय मशीनवर पडत नसे.

आबांच्या लेकीचं लग्न जवळ आलं होतं. तसलं कापड पुन्हा मिळेना. नानांनी उरलेल्या तुकड्यांतून ठिगळं लावायची ठरवली, आणि ठिगळ धरायला दुसरा हात लागतो म्हणून शेवटी मला बोलावलं. मी हात धुतले, दाखवले. मला त्यांनी ठिगळं गोल कापायला सांगितली. ठिगळाला कोपरा ठेवला की ते कोपऱ्यापासून सुटतं. मी कात्री चालवली, आणि समोर चार गोल तुकडे पडले, अगदी बिबड्यांएवढे. ते बघून मला रडूच फुटलं.

"नाना, आईने नाही टाकल्या. मी टाकल्या होत्या. आईने नुसतं धुतलं."

नानांची सुई कापडात अर्धी होती. ती त्यांनी पूर्ण ओढून घेतली, टाका आवळला, मग दुसरा घातला. मला वाटलं ऐकूच गेलं नाही.

"तिले माहीत व्हतं?"

"हो."

"तरी 'मी' म्हनली ती?"

मी मान हलवली. नाना उठले, पायरीवरच्या घंगाळात हात घातले आणि बराच वेळ धूत बसले. त्यांचे हात स्वच्छच होते. परत आले तेव्हा मला वाटलं आता कान उपटतील. ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "रडू नको. कापडवर पाणी पडी." मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याने माझं तोंड पुसलं. मी सतरा वर्षांची घोडी, आणि बापाने तोंड पुसलं म्हणून अजून जोरात रडले.

दुसऱ्या दिवशी आबा टप बघायला आले. ठिगळं आतून लावलेली, बाहेरून हात फिरवला तरच कळत. आबा खूश. नाना म्हणाले, "आबा, रस्त्यावर चालवून पाहायला पाहिजे. वाऱ्यात ताण कसा पडतो ते उभ्या गाडीत कळत नाही."

"चालवू ना. कुठलोंग?"

"धुळ्यापर्यंत."

आबांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तान पाह्याले इथल्या भादलीलोंग पुरलं असतं," ते म्हणाले. "पन चाला. धुळ्याचा वारा येगळा राह्यतो."

नानांना गाडी चालवता येत नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. आयुष्यभर गाड्यांना कापडं चढवली, पण चाक कधी हातात धरलं नाही. आबा चालवत होते, नाना शेजारी, मी मागे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. उन्हाने डांबर मऊ झालेलं. नानांचा एक तळहात सगळा वेळ वर टपाला लावलेला होता. मला आधी वाटलं ठिगळं तपासतायत. पण पारोळ्यानंतर ठिगळं कुठे होती आणि हात कुठे होता! त्यांना नुसतं कशाला तरी धरून बसायचं होतं. मध्येच म्हणाले, "विजू, ती येई का?" मी म्हटलं, येईल. मला काहीच ठाऊक नव्हतं.

पांझरा नदीचा पूल ओलांडून गाडी देवपुरात शिरली तेव्हा पोरं मागे धावायला लागली. मास्तरांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या दारासमोर कडुनिंबाला आखाजीचा झोका अजून तसाच होता. आजोबा बाहेर आले, त्यांनी आबांना पाणी दिलं आणि गाडीच्या दिव्यांविषयी चार प्रश्न विचारले. मास्तर माणूस, दुसरं काही विचारणं त्यांना जमलं नसतं. नाना गाडीशीच उभे. आई आतून आली आणि उंबऱ्यावर थांबली. पोळ्यांना बसली असावी, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. तिने मला बघितलं, नानांना बघितलं, आणि मग टपाकडे.

आबांनी घसा साफ केला. "नाना, टप पाडून पाहा की. जाताना बाईले उघड्या गाडीतून नेऊ."

नाना टपाच्या खटक्या सोडायला लागले. एका बाजूच्या सोडल्या, वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या सोडल्या. आबा मदतीला पुढे आले, तर नाना म्हणाले, "आबा, तुम्ही बसा." मी पुढे झाले. "तू नको," म्हणाले. मग ते आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले, एक हात कमानीवर ठेवून. समोरची बाजू रिकामी. आजोबा, आबा, मी, मागे धावत आलेली पोरं, सगळे त्या रिकाम्या बाजूकडे बघत होतो.

"विजूनी माय," नाना म्हणाले. "विजूनी सांगं माले बठ्ठं, बिबड्यासनं." मग कमान धरूनच, "एकल्याकडथीन फाटी जाई. हात लाव जरा."

आई जागची हलली नाही. तिने आपले दोन्ही हात पुढे धरले, अठरा वर्षं धरत आली तसे, आणि उलटसुलट करून दाखवले.

"पिठाचे आहेत," ती म्हणाली.

नानांनी ते हात बघितले. सगळ्या जळगावला पायरीवर उभं करणारा माझा बाप खाली मान घालून म्हणाला, "असू दे."

आई पायरी उतरली. तरीही तिने हात पदराला दोनदा पुसले, आणि मगच टपाला लावले.